उजवीकडची कोरी पानं

बेळगाव स्टेशनावर उतरलो तेव्हा धुकं होतं, आणि माझं मन आदल्या रात्रीपासून खट्टू होतं. पुण्याहून निघताना बायको म्हणाली होती, "सर बोलवत होते तेव्हा सहा वर्षं सवड झाली नाही. आता त्यांचं कपाट रिकामं करायला मात्र निघालास." मी बॅग उचलली.

कपाट होतं कॉलेजातल्या तत्त्वज्ञान विभागातलं. विद्यार्थीच येईनात म्हणून विभाग बंद झाला. तिथल्या जुन्या शिपायांनी, आप्पांनी, मला फोन केला होता की सरांच्या वह्या रद्दीत जातील, येऊन न्या. सर म्हणजे माझे प्राध्यापक. निपाणीकडच्या जैन शेतकरी घरातले. घरात कन्नड, वर्गात मराठी. लग्न केलं नाही. बेळगावात भाड्याच्या खोलीत राहून आयुष्यभर शिकवलं आणि निवृत्तीनंतरही विभागात बसून एकच पुस्तक लिहीत राहिले, अनेकान्तावर (प्रत्येक बाजूत काही ना काही सत्य असतं, हा जैन विचार). गेल्या दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला आणि बहीण त्यांना गावी घेऊन गेली.

विभागाच्या दारावरची पाटी काढलेली होती. आत कॉम्प्युटरची खोकी रचली होती. आप्पांनी वह्या सुतळीनं बांधून ठेवल्या होत्या.

"लई वाट बघितली तुमची," ते म्हणाले. "दार वाजलं की मान वर करायचे, आन मला बघून परत खाली."

मी सरांच्या बहिणीला फोन करून दिवस मावळायच्या आत पोचतो म्हणून कळवलं आणि खडेबाजारात जाऊन कुंदा (दूध आटवून केलेली इथली मिठाई) घेतला. एवढ्या वर्षांनी सरांकडे रिकाम्या हातानं कसं जायचं?

स्टँडवर आलो तेव्हा दुपार कलली होती. निपाणीच्या गाडीची पाटी फक्त कन्नडमध्ये. कंडक्टरला विचारलं, त्यानं मान डोलावली, मी चढलो. गाडी निपाणीचीच होती, पण चिक्कोडीचा वळसा घेऊन जाणारी, हे तिकीट फाडल्यावर कळलं. बाहेर उसाचे फड आणि तंबाखूची शेतं. मी शेवटची वही उघडली.

सरांची लिहिण्याची एक पद्धत होती. डाव्या पानावर पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं. उजव्या पानावर त्याला उत्तर. आणि विरोधक हयात असेल तर त्यानं समोर बसून, वाचून, "हो, हेच माझं म्हणणं" असं कबूल केल्याशिवाय उजव्या पानाला हात लावायचा नाही. शेवटच्या प्रकरणातला विरोधक मी होतो. एम.ए.ला असताना मी वर्गात विचारलं होतं, "सर, सगळ्यांचंच थोडं थोडं खरं मानलं, तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याला आपण काय सांगायचं?" सर खूश झाले होते. उत्तर आहे माझ्याजवळ, म्हणाले, पण आधी तुझी बाजू नीट मांडतो. पुढं त्यांची पत्रं येत राहिली. 'तुझी बाजू लिहून झाली. ये, वाच, कबूल कर, म्हणजे मी उत्तराला बसतो.' मी कळवलं, टपालानं पाठवा. त्यांचं कार्ड आलं, 'भांडण टपालानं होत नसतं.' मग मी शिकवतो त्या कॉलेजातल्या परीक्षा आल्या, समित्या आल्या, बढती आली. आज नको उद्या. डावीकडची चाळीस पानं भरलेली होती. उजवीकडची सगळी कोरी.

निपाणीहून रिक्षानं गावात पोचलो तेव्हा सूर्य नुकताच मावळला होता. सरांची बहीण, आक्का, दारातच उभ्या होत्या.

"दिस बुडाला की रं," त्या म्हणाल्या.

जैन घरात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण सर ताट पुढ्यात घेऊन माझ्यासाठी थांबतील, हे डोक्यातच आलं नव्हतं. आत कॉटवर सर बसले होते. निम्मे झालेले. स्टुलावर झाकलेलं ताट.

"'तो येऊ दे' असं हातानंच खुणावत बसला. आता सकाळपतोर पाणी बी न्हाय."

"आक्का, गाडी चिक्कोडीवरून आली..."

"व्हय बाबा. तुला बोलत न्हाय मी. तू जेव, तुला कुठला नेम?"

मीही ताटावर बसलो नाही. मी तसाच झोपलो.

सकाळी सरांनी पेज घेतली. कुंदा आक्कांनी फडताळात ठेवला. साखर वर्ज्य होती. सरांचं मराठी पार गेलं होतं. दोन-चार कन्नड शब्द तेवढे उरले होते. मी वही उघडून त्यांना माझीच बाजू वाचून दाखवू लागलो. माझा तो पोरसवदा प्रश्न त्यांनी कुठल्या कुठे नेला होता! मला न सुचलेले दाखले, मला न दिसलेल्या अडचणी, सगळं माझ्या नावावर लिहिलेलं. सर डोळे मिटून ऐकत होते. वाचून झालं तशी मी उघडी वही त्यांच्या मांडीवर ठेवली.

"हो सर. हेच माझं म्हणणं."

त्यांनी डोळे उघडले. डावा हात उचलून उजव्या पानावर ठेवला. ओठ हलले, घशातून आवाज निघाला, कपाळावर घाम आला. शेवटी एकच शब्द फुटला, "नाळे."

मी आक्कांकडे बघितलं.

"उद्या, म्हणतोय," त्या म्हणाल्या. "लिहिणार म्हणतोय उद्या." आणि पदरानं त्यांचं कपाळ पुसू लागल्या.

परतताना राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागली होती. नाका ओलांडला आणि पाट्या मराठी झाल्या. एरवी मला तिथं हायसं वाटतं. त्या दिवशी मी पुण्यापर्यंत वही मांडीवर घेऊन बसलो, एकदाही न उघडता.

याला महिना झाला. गेल्या आठवड्यात आक्कांचा फोन आला, सर गेले. तेव्हापासून रोज उजव्या पानाशी बसतो. सरांच्या वतीनं उत्तर लिहावं म्हणतो, पण त्यांनी माझी बाजू इतकी भक्कम बांधलीय की मलाच तिच्यातून बाहेर पडायला वाट सापडत नाही. त्यांना ती सापडली होती. मला फक्त वेळेवर जाऊन "हो" म्हणायचं होतं.