फक्त सूर हवेत

तीस वर्षं इतरांच्या गाण्यांमागे कोरस गाणाऱ्या आत्याला वर्षभर काम नसताना स्टुडिओतून बोलावणं आलं, तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं. माइकसमोर उभी राहून तिने विचारलं, "गाणं कुठलं?"

"गाणं नाही, आत्या. एकेक सूर लावा. तुमचा आवाज कॉम्प्युटरला शिकवायचाय," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

दोन दिवस घसा बसेपर्यंत तिने सूर लावले. त्यानंतर फोन आलाच नाही. सहा महिन्यांनी सून मोबाइल घेऊन धावत आली. "आई, नव्या गाण्यात तुमचाच आवाज!"

आवाज तिचाच होता, पण हे गाणं ती कधी गायलीच नव्हती. तिने स्टुडिओ गाठला, हात जोडून काम मागितलं.

"अहो, रोज तुमच्याकडूनच तर गाऊन घेतोय!" रेकॉर्डिस्ट कौतुकाने म्हणाला.