बाबांनी बांधलेल्या दुर्वा

आधीच सांगते, माझा देवापेक्षा पत्रकावर जास्त विश्वास होता. बाबांना अल्झायमर झाल्याचं सावंगीच्या दवाखान्यात कळलं, तेव्हा देव्हाऱ्यासमोर मी भांडलेच. जन्मभर तुझं नाव घेणाऱ्याला पोटच्या पोरीचं नाव आठवू नये, हा कुठला न्याय? मग पत्रकं छापली: 'म्हातारचळ म्हणू नका, हा मेंदूचा आजार आहे!' घरी मात्र रोज सकाळी बाबांची परीक्षा घ्यायची. आज वार कोणता? मी कोण? ते मला 'ताई' म्हणत, मी चिडून दुरुस्त करी, ते ओशाळत.

चतुर्थीला त्यांना घेऊन केळझरच्या गणपतीला गेले. पायथ्याशी पत्रकं वाटताना एका गृहस्थाशी वाद जुंपला. 'रुग्णाला एकटं सोडू नका' या ओळीवर बोट ठेवून त्याला दाखवलं, वळले, तर बाबा नाहीत.

देवळात पाहिलं, चपलांपाशी पाहिलं, रस्त्यावर धावले. शेवटी देवळाच्या पायरीवर बसले. "आता तूच बघ," एवढंच तोंडून निघालं.

उठले तेव्हा हारफुलांच्या एका दुकानामागे, पोत्यावर बसलेले बाबा दिसले. दुर्वांच्या जुड्या बांधत होते.

"बाबा! मी कोण? सांगा न, मी कोण?"

"पेपर घेऊन राह्यली का वं त्यायचा?" दुकानवाली म्हणाली. "दम घे, पोरी."

"तुम्ही ओळखता यांना?"

"नाई वं माय. उभे होते, बसा म्हटलं. हाताले काम देल्लं. तेच तेच बोलतेत, पन मले काय? गिऱ्हाईकही तेच तेच बोलते."

शर्टाची गुंडी लावू न शकणारी ती बोटं तीन पात्यांची दुर्वा नेमकी निवडत होती. मी जुड्या मोजल्या. दोनांत एकवीस, तिसरीत तेवीस. हे ज्ञान कुठे राहिलं होतं? आजारात काय काय जातं याची यादी मी छापली होती. काय उरतं, हे कुणाला विचारलंच नव्हतं. डॉक्टर नंतर म्हणाले, हातांची जुनी सवय बरेचदा नावांहून जास्त टिकते. ते पटतं. पण त्या गर्दीत बाबा नेमके तिच्याचपुढे कसे थांबले, ते मला कळत नाही, आणि आता वाद घालावासाही वाटत नाही.

बाबांनी एक जुडी माझ्यापुढे धरली. "घे ताई. देवाले वाहजो."

ओठांवर आलेली दुरुस्ती मी गिळली. "द्या," म्हटलं. ते हसले.

सकाळची परीक्षा बंद आहे. त्यांना जी वाटते, ती मी असते: कधी ताई, कधी शेजारीण, परवा तर त्यांची माय. गणराया, एवढं वाकायला शिकवलंस, तुझे उपकार.