मावसोबा आणि सतरा नंबर

“नव्हे! ही ती गाडी नव्हेच! अडवा तिला!”

नारायणगुड्याच्या मेट्रो स्टेशनावर, ऐन ऑफिसच्या गर्दीत, आमचे मावसोबा सुटलेल्या गाडीच्या पाठीवर छत्री रोखून ओरडत होते. पहाऱ्यावरचा शिपाई धावत आला.

“क्या हुआ चाचा? बॅग छूट गई?”

“बॅग नै. गाडी चोरी हुई.”

शिपायाने लांब जाणाऱ्या गाडीकडे पाहिलं, मावसोबांकडे पाहिलं आणि शेवटी, घरचं शहाणं माणूस म्हणून, माझ्याकडे पाहिलं. “गाडी तो सामनेच जारी, चाचा.”

“नंबर सतराच है, गाडी दूसरी है. मेरेकू नक्को सिखाओ!”

देवावर विश्वास नसलेली माणसं जगात पुष्कळ. पण देव्हाऱ्यातला देव रात्रीतून कुणी बदलला नाही ना, याची रोज सकाळी खातरजमा करून मगच त्याला आंघोळ घालणारा गृहस्थ अख्ख्या हैदराबादेत एकच, तो म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, मुक्काम नल्लकुंटा. हॉटेलात चहा आला की ते अर्धा पितात, थांबतात आणि उरलेला अर्धा त्याच चहाचा आहे का ते बघतात. माझ्या लग्नात अंतरपाट खाली यायच्या आत हे खाली वाकून पलीकडे डोकावले. दाखवलेलीच मुलगी उभी आहे, असं त्यांनी मला खुणेनं कळवलं, तेव्हा कुठे भटजींनी पुढची अक्षता टाकली. माझ्या बायकोला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, “नवरा तोच आहे का, हे कुणी पाहिलं होतं?” मावसोबांना हा प्रश्न फार आवडला. तेव्हापासून तिच्या हातचं ते न हुंगता खातात.

याचं मूळ नोकरीत आहे. तारनाक्याकडे रेल्वेत ते डबे तपासायचे. उभ्या गाडीशेजारी वाकायचं आणि लांब दांड्याच्या हातोडीनं एकेक चाक ठोकायचं. चाक धड असलं तर घंटेसारखं बोलतं, तडा असला तर फुटक्या मडक्यासारखं. मावसोबांचा कान असा तिखट की, नुसत्या नादावरून गाडी काझीपेठेला का रखडली आणि गार्डानं डब्यात काय भाजी आणलीय, हे ते सांगत. मी थोडं वाढवून सांगतोय, पण भाजीचं खरं आहे. घरी हातोडी नसे, म्हणून बोटाची गाठ चाले. कलिंगड, माठ, नवं कपाट, एकदा तर धाकट्या जावयाचं डोकंसुद्धा त्यांनी वाजवून घेतलं. “आवाज बरा आहे,” म्हणाले. जावई आजतागायत ते शिफारसपत्रासारखं सांगतो.

ते निवृत्त झाले आणि शहरात मेट्रो आली. त्यांच्या संशयाला एवढी ऐसपैस जागा पूर्वी कधी मिळाली नव्हती. गाड्या जहाजातून आल्याचं पेपरात होतं. “बोटीतून उतरल्या त्याच रुळावर चढल्या, कशावरून?” असं म्हणून त्यांनी लांबट वह्या आणल्या आणि एकूण एक गाडीचा इतिहास लिहायला घेतला. प्रत्येक गाडीला एक पान. प्रथम दर्शन कुठे, दार कसं सरकतं, ब्रेक लागताना सूर कोणता. एखाद्या गाडीवर अंगभर सिमेंटची जाहिरात चढली की तांबड्या शाईनं शेरा पडे : ‘वेषांतर. लक्ष ठेवणे.’ तीन डब्यांतल्या मधल्यावर त्यांचा पहिल्यापासून राग. “त्याला ना मोटर ना तोंड. तसल्याचा काय भरवसा?”

सतरा नंबर मात्र त्यांची लाडकी. नारायणगुड्याच्या अलीकडे वळणावर तिच्या शेवटच्या डब्यातून कपात चमचा ढवळावा तशी बारीक किणकिण येई. तिच्या पानावर तांबडी शाई नव्हती. आणि आता ती किणकिण बंद झाली होती.

घरी येताच अर्ज तयार झाला : ‘सतरा नंबरची असल गाडी लंपास करून तिच्या जागी तोतया उभी केल्याबाबत.’ खाली साक्षीदाराची जागा कोरी.

“कर सही.”

“मावसोबा, आख्खी गाडी कोण कुठे नेईल?”

“तुझ्यासारख्यांनी असं विचारावं म्हणूनच आख्खी नेतात.”

मावशी कधी नव्हे ती मध्ये पडली. “सही कर रे. पण आधी उद्या त्या गाडीत बसून ये. तू ऐक.” मग स्वयंपाकघराच्या दारात मला हळूच म्हणाली, “कुकर शिट्ट्या मारून मारून करपतो आणि हे समोर पेपर वाचत असतात.”

दुसऱ्या दिवशी दोन गाड्या सोडून सतरा मिळाली. आम्ही शेवटच्या डब्यात उभे राहिलो. वळण आलं. आणि किणकिण आली, इतकी स्वच्छ की शेजारच्या पोरीनं मोबाइलमधून मान वर केली. मावसोबा डोळे मिटून, मान तिरकी करून उभे होते. डोळे उघडून त्यांनी माझं तोंड निरखलं.

“वाजलं का काही?”

माझी उभी हयात थापा मारण्यात गेलीय. ‘नाही’ म्हणायला काय लागत होतं? पण त्या कानाला खोटं सांगणं जमेना.

“वाजलं.”

“कपात चमचा?”

“कपात चमचा.”

त्यांनी पुरावा मागितला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं म्हणणं त्यांनी जसंच्या तसं मानलं आणि मला ते मुळीच आवडलं नाही. पुढचं स्टेशन गेलं, त्याच्या पुढचं गेलं. अर्जाची त्यांनी चौघडी घातली. वही काढली, गाडीच्या हिसक्यानं अक्षर हलत होतं : ‘सतरा. असलच आहे. आवाज साबूत. ऐकणार : भाचा.’ वही माझ्या हातात दिली आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

उतरल्यावर जिन्यापाशी मी धीर केला. “मावसोबा, हल्ली कानात घालायचं बारीक मशीन मिळतं. सगळं पहिल्यासारखं ऐकू येतं म्हणे.”

“त्यात आवाज आधीच भरून ठेवलेले असतात,” ते म्हणाले.