पुडीतली गोळी

ही हकीकत सांगायचं मी जवळजवळ वीस वर्षं टाळलं. घरात त्या दिवसांचा विषय निघाला की मी चष्मा पुसायला घ्यायचो, नाहीतर उठून पाणी प्यायला जायचो. आता माझं वय एक्क्याऐंशी आहे आणि टाळायला फारशी वर्षं उरलेली नाहीत.

आजार माझा नव्हता. माझ्या सुनेचा, अर्चनाचा होता. पण त्यातला एक भाग फक्त मला माहीत आहे. तो तिला माहीत नसल्यामुळे स्वतःबद्दलची एक चुकीची गोष्ट ती आजवर खरी मानत आली आहे.

आजाराचं नाव आम्ही पहिल्यांदा ऐकलं ते सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात. अर्चनाला चौतिसावा आठवडा होता. दुसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढून ती खुर्चीत बसली आणि हातातला कागदांचा गठ्ठा तिने मानसोपचाराच्या डॉक्टरांसमोर ठेवला. डॉक्टर बाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी कागद चाळले आणि विचारलं, "हे काय आहे?"

"बाळाच्या हालचाली," अर्चना म्हणाली. "तासातासाच्या. एक्सेलमध्ये केल्यात. लाल रंगाचे आहेत ते कमी हललं तेव्हाचे."

अर्चना हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होती. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. माझी पत्नी मालती घरी म्हणायची, "त्या तक्त्यात मावेना म्हणून बाहेर यायचंय त्या बाळाला." अर्चना हसायची आणि पुन्हा पोटावर हात ठेवून घड्याळ बघायची.

छातीत धडधड, हातांना घाम, दोन घासांनंतर जेवण नको, झोप तुकड्यातुकड्यांत. स्त्रीरोगतज्ज्ञांनी थायरॉइड तपासलं, हिमोग्लोबिन तपासलं, हृदयाचा आलेख काढला. सगळं नॉर्मल. अर्चनाचे दिवसाला तीन फोन येऊ लागल्यावर त्यांनीच आम्हाला इकडे पाठवलं होतं.

डॉक्टर बाई म्हणाल्या, "याला अँक्झायटी डिसऑर्डर म्हणतात. काळजी प्रत्येक गरोदर बाईला वाटते. वाटते आणि जाते. तुमची जात नाहीये. हा स्वभाव नाही, आजार आहे आणि त्याला उपचार आहे."

अर्चनाने आधी रुमाल शोधला, मग विचारलं, "म्हणजे मी वेडी नाही?"

"नाही. थकलेल्या आहात."

उपचारात दोन गोष्टी होत्या. एक सी.बी.टी., म्हणजे बोलून करायचा उपचार. मनात येणारा विचार कागदावर लिहायचा, त्याला पुरावा काय ते तपासायचं, आणि तपासण्याच्या वेळा हळूहळू कमी करायच्या. दुसरी गोष्ट म्हणजे रोज एक छोटी पांढरी गोळी. तिचं नाव इथे मुद्दाम देत नाही. नाव वाचून कुणी थेट दुकानात जाऊन मागू नये.

मीही औषधवालाच. पेठेतच माझं औषधांचं दुकान होतं, तीस वर्षांचं. गोळीचं नाव वाचताच मी विचारलं, "ही पोटुशीला चालते?"

"विचार करूनच दिली आहे," त्या म्हणाल्या. "बाळंतपणानंतरही चालू ठेवायची. पाजतानाही. थोडी दुधात उतरते, पण बाळापर्यंत पोचते ती मात्रा फार कमी असते आणि बाळावर आपण लक्ष ठेवणार आहोत. सतत घाबरलेली, न झोपलेली आई, याचाही बाळावर परिणाम होतोच. एकदम बंद मात्र करायची नाही. कुणाच्याही सांगण्यावरून."

हे त्यांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. मला कळलं नव्हतं, असं म्हणायला मला जागा नाही.

गोळीने गुण दिला, पण सावकाश. पहिले दहा-बारा दिवस मळमळ झाली. तिसऱ्या आठवड्यात अर्चना दुपारची सलग दोन तास झोपली. चौथ्या आठवड्यात तिने तक्ता बंद केला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ती दिवसातून ठरलेल्या वेळीच हालचाली मोजायची. माझा मुलगा निखिल तेव्हा कंपनीच्या कामावर अमेरिकेत होता. त्याला तिने फोनवर सांगितलं, "आज मी आणि आईंनी लुगड्याचे तुकडे करून दुपटी शिवली. माझी वाकडी आलीत." वाकडी दुपटी शिवून ती हसली, हे मालतीने मला दुकानात फोन करून कळवलं.

खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी, अकोल्याला व्हायचं. पण तिची आई लहानपणीच गेलेली. वडील शाळामास्तर, एकटे. म्हणून ते आमच्याकडे ठरलं. तिच्या वडिलांनी माझा हात धरून म्हटलं होतं, "भाऊसाहेब, तुमचं औषधाचं दुकान आहे. मले काही चिंताच नाही."

सईचा जन्म व्यवस्थित झाला. चौथ्या दिवशी आम्ही घरी आलो. पाचव्या दिवशी मी ती चूक केली.

बाळंतिणीच्या खोलीत लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, ही पांढरी गोळी आणि मालतीचे डिंकाचे लाडू, सगळं एका ताटात असायचं. मी म्हटलं, "या सगळ्यात गोंधळ होईल. मी दुकानातून रोजच्या पुड्या करून आणतो. सकाळची एक, संध्याकाळची एक."

"बरं होईल बाबा," अर्चना म्हणाली. "एक गोष्ट कमी लक्षात ठेवायची."

आमच्या दुकानात म्हाताऱ्या गिऱ्हाइकांसाठी अशा पुड्या करायची पद्धत होती. गोळ्या पट्टीतून काढायच्या, छोट्या कागदी पाकिटात घालायच्या, वर पेनाने वेळ लिहायची. पाकिटात गेली की गोळी ओळखायला दुकानदाराशिवाय कुणी नसतं. मी अर्चनाच्या पुडीत लोह घातलं, कॅल्शियम घातलं आणि पांढऱ्या गोळीच्या जागी दिसायला तशीच एक जीवनसत्त्वाची गोळी घातली.

का? मी स्वतःला दिलेलं उत्तर सोपं होतं. त्या औषधाच्या खोक्यातल्या माहितीपत्रकावर पाजणाऱ्या मातांबद्दलचा सावधगिरीचा मजकूर होता. तीस वर्षं काउंटरवर मी हेच सांगत आलो होतो, "बाळंतिणीला हे चालत नाही." नातीच्या तोंडात ते जाणार, ही कल्पना मला सोसेना. पण तो मजकूर 'डॉक्टरांना विचारा' असं म्हणत होता. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी 'चालू ठेवा' म्हटलं असतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. शिवाय माझ्याच दुकानातून, माझ्याच नोकरांच्या डोळ्यांदेखत घरच्या सुनेसाठी मनाच्या आजाराची गोळी जाते, याची मला लाज वाटत होती. हे कारण मी बरीच वर्षं स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

चार-पाच दिवसांतच तिला चक्कर येऊ लागली. मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं, म्हणायची. औषध अचानक तोडल्यावर असं होऊ शकतं, हे मी वाचलेलं होतं. मी मालतीला म्हटलं, "ओली बाळंतीण आहे, अशक्तपणा असणार."

मग जुनी काळजी परतली, दुप्पट होऊन. सई श्वास घेते का ते पाहायला अर्चना तिच्या पोटावर हात ठेवून बसायची आणि त्या हाताने बाळ दचकून उठायचं. दूध पुरतं का, म्हणून तिने मला दुकानातला बाळांचा वजनकाटा घरी आणायला लावला. पाजायच्या आधी वजन, पाजल्यावर वजन. काट्यावर रडणाऱ्या पोरीचा आकडा स्थिर झाला नाही, की अर्चनाही रडायची.

न्हाऊ घालायला कात्रजकडच्या एका गावातून शांताबाई यायच्या. अर्चना दारात उभी राहून सारखी म्हणायची, "नाकात पाणी जाईल, नाकात पाणी जाईल." शांताबाई एकदा म्हणाल्या, "अगं बाय, तुझ्या सासूपेक्षा जास्त पोरं न्हाऊ घातल्यात म्या. पोरगी हाय ती, काचंची बरणी न्हाई."

मालती म्हणाली, "माझ्यावर कशाला घसरता? मी एकच न्हाऊ घातला, तो अमेरिकेत जाऊन बसला."

दोघी हसल्या. अर्चना हसली नाही. मी पेपर वाचत होतो. तेव्हा मी पुडी बदलायला हवी होती. मी फक्त पान उलटलं.

विसाव्या दिवशी सकाळी अर्चनाने सईला मालतीच्या मांडीवर ठेवलं आणि अगदी शांतपणे सांगितलं, "आई, हिला तुम्हीच ठेवा. मी हिच्या कामाची नाही. माझं डोकंच काम नाही करून राहिलं." रागात बोलली असती तर आम्ही एवढे घाबरलो नसतो. तासाभरात आम्ही रिक्षाने डॉक्टरांकडे होतो.

डॉक्टर बाईंनी तिला सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्याने विचार डोक्यात येतो, अशी माझी समजूत होती. तसं नसतं. तिने मान हलवून हो म्हटलं आणि मग कित्येक दिवसांत बोलली नव्हती एवढं बोलली.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "गोळी नियमित चालू होती?"

"एकही चुकवली नाही," अर्चना म्हणाली. "बाबा स्वतः पुडी करून देतात."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी घसा साफ केला. त्या लिहायच्या थांबल्या. मी म्हटलं, "जरा पाणी मिळेल का?"

पाणी आलं. मी प्यालो. त्यांनी फाइलमध्ये लिहिलं आणि आम्हाला समजावून सांगितलं, "आधी चांगला गुण आला होता, पण बाळंतपणानंतर हे औषध हिला पुरेसं पडलेलं दिसत नाही. दुसरं देऊ. थोडं जड आहे. काही आठवडे पाजणं थांबवावं लागेल."

अर्चनाला भरती केलं. दहा दिवस. दूध साठून छाती दगडासारखी झाली. नर्स ओल्या फडक्याने शेकत होती आणि अर्चना भिंतीकडे तोंड करून पडली होती. वरच्या दुधाचा डबा मी माझ्याच दुकानातून नेला. पहिली बाटली सईने घटाघट प्यायली तेव्हा अर्चना म्हणाली, "बघा, तिलासुद्धा माझं नको होतं."

वॉर्डबाहेरच्या बाकावर मी दहा दिवस रोज बसलो. लोकांना वाटलं, सासरा असावा तर असा.

निखिल रजा टाकून आला. नवीन औषध लागू पडलं. दीड महिन्यात ती सईला एकटीने आंघोळ घालू लागली, सहाव्या महिन्यात कामावर गेली. पण दूध परत आलं नाही. डॉक्टरांनी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं, "बाटलीने वाढलेली मुलंही आईचीच असतात." हळूहळू तिला ते पटलं.

सई पाच वर्षांची असताना जेवायच्या टेबलावर निखिलने दुसऱ्या मुलाचा विषय काढला. अर्चना म्हणाली, "पहिलं औषध बाळंतपणानंतर माझ्यावर चालत नाही, दुसऱ्यावर पाजता येत नाही. पुन्हा तोच प्रकार नको. एक पुरे." सगळ्यांनी मान डोलावली. मीही. माझ्या ताटात भात होता, तो मी संपवला. मालती आता नाही. तिलाही मी कधी सांगितलं नाही.

ज्यांच्या घरात आज असा आजार असेल त्यांना माझ्यासारख्याने काय सांगायचं? एवढंच की औषध चालू ठेवायचं की बदलायचं, हे आजारी बाईने आणि तिच्या डॉक्टरांनी ठरवायचं असतं. शंका आली तर विचारा, दहा वेळा विचारा. तिच्या नकळत काही करू नका, प्रेमाने तर मुळीच नाही. पाजणारी आई गोळी घेत असेल तर गोळी तिच्या स्वतःच्या हातात, नावासकट असू द्या. आणि चूक झालीच असेल तर डॉक्टर विचारतात तेव्हाच सांगा. त्या क्षणी ती निस्तरता येते.

गेल्या महिन्यात अर्चना फोनवर तिच्या ऑफिसातल्या एका मुलीशी बोलत होती. त्या मुलीला आठवा महिना होता, तोच आजार आणि तीच गोळी. अर्चना तिला सांगत होती, "पोटात आहे तोवर ठीक आहे गं. पाजताना नाही काम करत ती. मी स्वतः घेऊन बघितलीये."

फोन झाल्यावर मी म्हणालो, "तिला सांग, तुझ्यावरून काही ठरवू नको. जे काय ते डॉक्टरांना विचार. आणि गोळी बंद करू नको."

"बाबा, तुम्ही औषधवाले. तुम्हाला गोळ्यांचा पुळका असणारच."

"तरी सांग. आत्ता सांग."

माझ्या आवाजाने ती जरा चमकली. तिने पुन्हा फोन लावला आणि मुलीला तसं सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "का पण? माझा अनुभव खोटा आहे का?"

मी म्हणालो, "चहा टाकू का?"

"तुम्ही करणार? मग घेते," ती म्हणाली.

मी चहा केला. तो बरा झाला होता, असं तिने सांगितलं. तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी दिलं नाही. ते इथे लिहून ठेवतो.

अर्चना, तुझा अनुभव खरा होता. गोळी खोटी होती. ते औषध तुला लागू पडत नाही असं नाही, सईच्या जन्मानंतर मी ते तुला दिलंच नाही. तू एकही दिवस चुकवला नाहीस. तुझ्या शरीरात, तुझ्या दुधात, तुझ्या आईपणात काहीही कमी नव्हतं. डॉक्टरांसमोर मी पाणी मागितलं, तेव्हा मला हे सांगायचं होतं. मला क्षमा कर.