आक्कांचे केस कशानं गेले

मी माझ्या जावेवर करणी केलेली नाही.

आज आक्कांचं वर्षश्राद्ध. अशा दिवशी फोटो टाकून दोन गोड ओळी लिहायच्या असतात, ठाऊक आहे मला. पण तळेघरापासून मंचरपर्यंत आमची भावकी वर्षभर जे कुजबुजतेय, ते आज मी उघड बोलते.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. एक घर, दोन चुली, मधे एक भिंत.

लई हसऱ्या. गुडघे धरून उठायच्या आणि स्वतःलाच म्हणायच्या, "चल गं मालगाडी, हल."

एक दिवस त्या एक खोकं घेऊन माझ्याकडं आल्या. आत पेनासारखं इंजेक्शन.

"सुरेखा, तुझ्या फ्रिजात ठेव. माझ्या फ्रिजात आत्या दह्यासाठी सारखा हात घालत्यात." आत्या म्हणजे आमच्या सासूबाई.

"कसलं आहे?"

"वजन उतरायचं. आठवड्याला एक. कुणाला बोलायचं नाय, माझी शपथ हाय."

"डॉक्टरची चिठ्ठी?"

"पुण्याच्या मैत्रिणीनं व्हॉट्सअ‍ॅपला सगळं सांगितलंय."

"भाऊजींना माहितीय?"

"ह्यांना? छे!"

ते 'छे' जरा जास्तच जोरात होतं.

आणि खोकं गार होतं, म्हणजे कुणीतरी बर्फात घालून जपून आणलेलं. आदल्या संध्याकाळी पुण्याहून घरात एकच माणूस आलं होतं. आक्कांचे मालक, म्हणजे माझे थोरले दीर.

मला तेव्हाच शंका आली. पण शपथ घातली होती. आल्या-लसणाच्या डब्यामागं खोकं सारून दिलं.

मग आक्कांची भूकच मेली. दोन घास खाल्ले की ताट बाजूला. वजन झरझर उतरलं.

आधी बाया मागं लागल्या, "काय खातीस गं, आमाला बी सांग की."

मग आक्कांचे गाल बसले. गळ्याखालची कातडी सैल पडली, दंडाची लोंबायला लागली. दोन-तीन महिन्यांनी केस. फणी फिरवली की मूठभर हातात.

बायांचा सूर बदलला. "काहीतरी मोठा आजार हाय. लपवत्यात."

आमच्यात विंचरलेले केस उघड्यावर टाकत नाहीत. गुंडाळी करायची, त्यावर थुंकायचं, भिंतीच्या फटीत खोचायचं. केसांवर भांडी देणारी बाई आली की तिला देऊन टाकायचे.

आक्कांची फट भरून वाहायला लागली. त्या घाबरल्या.

"सुरेखा, हे घालव बाई कुठंतरी. आत्यांच्या नजरेला पडाय नको."

मी काय केलं? भांडीवालीला दिले. तिनं चहाची गाळणी दिली.

सासूबाईंनी नवी गाळणी बघितली. मग माझ्या डोक्याकडं बघितलं. माझी वेणी म्हणजे उंदराची शेपटी.

"कुणाचं केस दिलंस गं?"

शपथ होती. मी आक्कांकडं बघितलं. त्या शेजारीच तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

झालं! सासूबाई देवऋषीकडं गेल्या. तो म्हणाला, घरातल्याच बाईनं केस करणीला दिलेत. उतारा करावा लागेल.

त्या दिवसापासून मी आले की घरातल्या फण्या आत जायला लागल्या.

मी आक्कांना ओढतच मंचरला त्वचेच्या डॉक्टरबाईंकडं नेलं. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "वजन किती पटकन उतरलं?"

इंजेक्शनचं ऐकल्यावर म्हणाल्या, "इतक्या झपाट्यानं वजन उतरलं आणि पोटात धड काही गेलं नाही, की केस गळतात. बहुतेक परत येतील. चरबी गेली, कातडी मागं राहिली. ती पूर्वीसारखी होईलच असं मी सांगणार नाही. पण हे औषध कुणाच्या देखरेखीखाली घेताय?"



इंजेक्शन थांबलं. अंडी, डाळ, मटकी सुरू झाली. तिकडं सासूबाईंनी गावच्या शिवेवर उतारा टाकला.

आणि काही महिन्यांनी आक्कांच्या कपाळावर बारीक बारीक नवे केस आले.

"बघा, उतारा लागू पडला!" सासूबाई म्हणाल्या.

म्हणजे करणी खरी. म्हणजे ती करणारी मीच. केस आले त्याचा सगळ्यात जास्त आनंद मलाच व्हायला हवा होता हो!

मी हात जोडले. "आक्का, आता तरी सांगा."

"सांगते गं. दिवाळीला सगळी जमली की सांगते."

दिवाळीआधी त्या माहेरी निघाल्या आणि डिंभ्याच्या पुढच्या वळणावर जीप उलटली.

खरंच सांगणार होतात का, आक्का? मला खात्री नाही. वर्षभर मी हेच उलटसुलट करतेय.

आज सकाळी नैवेद्याच्या खिरीचं पातेलं सासूबाईंनी माझ्या हातातून काढून घेतलं. सगळ्या पाहुण्यांसमोर. "तू नगं शिवू."

माझा संयम सुटला. सगळं सांगितलं.

"मेलेल्या बाईवर घालतीस व्हय? वजनाचं इंजेक्शन, आन तळेघरात?" सासूबाई म्हणाल्या.

भाऊजी तिथंच उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी जमिनीकडं बघितलं, चपला घातल्या आणि बाहेर गेले.

ज्याला काही ठाऊक नसतं, तो माणूस "कसलं इंजेक्शन?" असं तरी विचारतो ना?

भाऊजी, तुम्हाला टॅग केलंय. तुम्ही आणून दिलंत हा गुन्हा नाही. बायको मागत होती, तुम्ही आणलंत. पण मी वर्षभर या घरात रडले नाही. मी डोळ्याला पदर लावला की बाया एकमेकींकडं बघतात, नाटक करतीय म्हणून.

खाली फक्त 'हो' लिहा. बाकी काही नको.

मला माझ्या जावेसाठी एकदा चारचौघांत मोठ्यानं रडायचंय.

आक्का, राग आहे तुमच्यावर. आठवण त्याहून जास्त येते.

तुमच्या धाकट्या जावेचा नमस्कार.