आप्पांच्या गिअरबॉक्सखाली

न्हावऱ्याच्या म्हस्कूआप्पांनी सणसवाडीच्या कारखान्यात एकतीस वर्षं वेल्डिंग केलं. त्यामुळं जगात वेल्डिंगनं बरं होत नाही असं काही नसतं, अशी त्यांची ठाम समजूत झाली होती. बादली, खाट, न्हाणीचं पत्र्याचं दार, सगळ्यांवर त्यांनी हा उपचार केला. न्हाणीचं दार तेव्हापासून उघडत नाही.

रिटायर झाल्यावर आप्पांनी त्र्याण्णव सालची पांढरी डिझेल गाडी घेतली. "तुला राणीसारखं फिरवतो," असं भामाबाईंना सांगितलं. वर्षाच्या आत गिअरबॉक्सचं माउंटिंग गेलं, म्हणजे ज्या रबरावर गिअरबॉक्स टेकतो ते कुजून फाटलं. नवं मिळेना. पुण्यापर्यंतच्या दुकानदारांनी "ही गाडी अजून चालते?" एवढं मात्र आपुलकीनं विचारलं. मग आप्पांनी हुकमी इलाज केला. रबराच्या जागी अर्धा इंची लोखंडी पट्टी आणि दोन्हीकडून वेल्ड. "आता बापजन्मात हलायचं न्हाई!"

गिअरबॉक्स खरंच हलला नाही. बाकी सगळं हललं: काचा, आरसा आणि भामाबाईंची कंबर. शिरूरचा एक बाजार करून आल्यावर त्या चार दिवस आडव्या होत्या, उठल्या त्या थेट एस.टी.नं फिरू लागल्या. शेजारची सीट रिकामी ठेवून आप्पा एकटेच राजासारखे फिरत. मनातून फार लागलं त्यांना, पण सांगणार कुणाला? गाव आधीच हसून मोकळं झालं होतं.

तशात पुतणीचं, सोनमचं लग्न दौंडला ठरलं.

"एक डाव बसते," भामाबाई म्हणाल्या. "कंबर दुखली तर गाडी भंगारात. कबूल?"

"कबूल!"

आप्पांनी पट्टी कापून काढली. तिथं टायरचा तुकडा घातला, तो दगडासारखा कडक. ट्यूब घातली, ती फाटली. ओसरीवरून भामाबाई बघत होत्या.

"अवं, जात्याखाली आपण लोखंड घालतो व्हय? पोत्याची घडी घालतो."

संध्याकाळी त्यांनी रेक्झिनमध्ये शिवलेली एक जाड, घट्ट घडी आप्पांच्या हातात ठेवली. आप्पांनी ती दोन पट्ट्यांमध्ये बोल्टनं आवळली आणि आपण केलेलं मॉडिफिकेशन गावभर सांगून आले.

लग्नाला दौंडला निघाले, तेव्हा पारगावच्या पुलावर भामाबाईंच्या मांडीवरच्या तांब्यातलं पाणी थेंबभर सांडलं नाही.

लग्नाआधी नवरीच्या चुलत्यानं बिरदेवापुढं बापाची घोंगडी अंथरून बसायचं आणि भंडारा लावून घ्यायचा, अशी या घरची रीत. "आबांची घोंगडी घेतलीस ना?" हे आप्पांनी वाटेत चारदा विचारलं होतं, आणि "घेतलीया" हे उत्तर चारदा मिळालं होतं. देवळापाशी त्यांनी डिकी उघडली तर आत काहीच नाही.

"कुठंय?"

भामाबाईंनी गाडीखाली बोट दाखवलं.

आप्पा वाकले, गिअरबॉक्सखालची रेक्झिनची घडी दिसली आणि सगळं उमगलं. "माझ्या बापाची घोंगडी! कापलीस?"

"निम्मी कसरीनं खाल्ली हुती. चांगला राहिला तेवढा तुकडा घेतला. आबांनी जन्मभर मेंढरांमागं ती पांघरली, कवा कंबर दुखली का त्यांची?"

वर देवळात मंडळी खोळंबली होती. आप्पा गाडीत बसले, ती देवळाच्या पायरीला आणून लावली आणि पुजाऱ्याला हाक मारली.

"या, हितंच लावा भंडारा. बसलोय मी घोंगडीवर."

पुजाऱ्यानं गाडीत वाकून बघितलं, घोंगडी काही दिसेना, तरी भंडाऱ्याच्या हळदीची चिमूट खिडकीतून आप्पांच्या कपाळाला लावली. शेजारच्या सीटवरून भामाबाईंनीही कपाळ पुढं केलं.

"कंबर?" आप्पांनी हळूच विचारलं.

"अजून तरी न्हाई," भामाबाई म्हणाल्या. "चला, आता आबांना लग्नाला न्या."