फोनले ऊन लागलं

आमच्या घरी कोणाचं डोकं दुखो, पोट दुखो, नाईतर मिक्सर बंद पडो, निदान एकच. ऊन लागलं. आमच्या यायचं नालवाडीले रोडवर कुलरचं दुकान आहे, अन खरं सांगू का, उन्हाच्या पलीकडे या माणसानं जगात काही पाह्यलंच नाई. मार्च लागला का वाळ्याच्या ताट्या, पंप, नळ्या, लोखंडी स्टँड. जून लागला का पाऊस कायले आला म्हणून तोंड पाडून बसणं. लोक यायले प्रभाकरराव म्हणते. काही जण तोंडावर डॉक्टरसाहेबही म्हणते, कारण कुलर घ्याले आलेल्या गिऱ्हाइकाले हे कुलर कमी दाखवते अन औषधं जास्त सांगते. कोणी आपली मजा घेऊन राह्यलं हे यायले आजवर समजलं नाई. मी सुलोचना, यायची बायको. मले समजते.

आमचं लग्न झालं भर मे महिन्यात, देवळीले, माह्या बापाच्या दारात. मंगलाष्टकं चालू होती, अन अंतरपाटाच्या तिकडून काहीतरी धपकन पडलं. पाहते तं कांदा. ऊन लागू नये म्हणून नवरदेवानं कोटाच्या खिशात कांदा ठेवला होता, तो अंतरपाटाखालून घरंगळत माह्या पायाशी आला. भटजी थांबले. माह्या मावशीनं पदर तोंडात कोंबला. नवऱ्याचं तोंड दिसायच्या आधी मले त्याचा कांदा दिसला, अन तवाच मी समजून घ्याले पाह्यजे होतं.

तसा माणूस कष्टाळू, खोटं कायले बोलू. अल्लीपूरवरून आले तवा सायकलवर ताट्या बांधून दारोदार फिरत. दारू नाई, पत्ते नाई. दुकान उभं केलं, पोराले, स्वप्निलले, शिकवून पुण्याले धाडलं. पण एक खोड अशी का जे आपल्या मुठीत नाई ते घरात नाई. गॅसचं बुकिंग यायच्या नंबरावर. लाइटचं बिल यायच्या नंबरावर. माह्या बँकेचा मेसेजही यायलेच येते, अन हे मले चहा पितापिता सांगते का तुह्या खात्यात अमुक आलं. आमच्या रूपालीनं दहावीपासून जेवढे फॉर्म भरले तेवढ्यात नंबर बापाचाच. पोरीच्या जातीचा नंबर कुठं कुठं फिरते, काही भरवसा आहे का, असं यायचं म्हणणं. पोराचा नंबर खुशाल पुण्यापर्यंत फिरून राह्यला, त्याले काही झालं नाई.

रूपाली नर्सिंग शिकली. वर्षभर इथंच एका डॉक्टरकडे उभं राहून राबली, अन नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्याची परीक्षा देली. यायनं देऊ देली, कारण यायची खात्रीच होती का तिचं नाव लागत नाई. तिले मातर लागन असं वाटत होतं. पोट्टी दिवसातून दहादा त्यायची वेबसाइट उघडून पाहे. बोलून काही दाखवत नव्हती, पण तिचं जेवण निम्म्यावर आलं होतं. अन नेमकं त्याच हप्त्यात यायच्या फोनवर अपडेट आलं.

दुसरा माणूस असता तं मंग पाहू म्हणून सोडून देलं असतं. हे कायले सोडते? यायचा हिशोब असा का कुलरची जुनी ताटी काढून नवी लावली का हवा थंड येते, तसंच फोनचं. भर दुकानात, गिऱ्हाईक समोर उभं ठेवून, यायनं ते बटन दाबलं. मंग शेजारच्या पंक्चरवाल्याले, समोरच्या शोभाबाईले, सगळ्यायले सांगत सुटले का करून घ्या, फोन नवा होते. शोभाबाई शहाणी. तिनं हो हो म्हटलं अन केलं नाई.

दुसऱ्या दिवसापासून फोनची बॅटरी अशी उतराले लागली का काही इचारू नका. सकाळी पूर्ण भरलेला फोन नाश्त्यापर्यंत अर्धा, अन जेवणाच्या आधी लाल. अंगाले हात लावावा तं तापलेला. रूपालीनं पाह्यल्याबरोबर सांगतलं का बाबा, मोठं अपडेट झालं का फोन काही दिवस आतल्या आत आवराआवर करत राह्यते, म्हणून तापते अन बॅटरी खाते. एकदा बंद करून चालू करा, जे लागत नाई ते बंद ठेवा, अन गप राहा, आपोआप ठिकाणावर येते. एवढं सोपं. पण पोरीनं सांगतलेलं ऐकलं तं बापाची मिशी खाली होते ना! यायनं फोन उलटा केला, सुलटा केला, मागून हात लावला, जसा लेकराच्या कपाळाले लावते तसा. अन निकाल देला का फोनले ऊन लागलं.

मी हसली. मले वाटलं मजा करून राह्यले. पण मजा करणं यायच्या पत्रिकेतच नाई.

इलाज सुरू झाला. शर्टाच्या खिशात फोन, अन फोनच्या बाजूले कांदा. आता त्या फोनले नाक आहे का? पण नाई. फोन कानाले लावला का कांद्याचा वास, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता हेच शिंकत. कांद्यानं भागलं नाई तं दुपट्टा ओला करून, पिळून, त्यात फोन गुंडाळाले सुरुवात केली. अन दुपारी दुकानातल्या सगळ्यात मोठ्या कुलरसमोर स्टूल मांडून त्यावर फोन. वर्ध्याचं मे महिन्याचं ऊन, घरात मी गॅसपाशी उकडून राह्यली, पोट्टी ओल्या फरशीवर पडून राह्यली, अन फोन मातर कुलरसमोर बसून हवा खाऊन राह्यला. कैरीचं पन्हं तेवढं पाजाचं राह्यलं होतं. दुखणं हल्याले अन इंजेक्शन पखालीले म्हणते ना, ते मी डोळ्यानं पाह्यलं.

तो फोन पुढं वाळला अन बराही झाला, अन त्याचं श्रेय कांद्याले भेटलं. आजही दुकानात आलेल्या माणसाले हे तो इलाज सांगते. असो.

दोन दिवस ओला दुपट्टा खाल्ल्यावर फोननं चार्जिंग घेणंच बंद केलं. वायर लावली का पडद्यावर पाण्याच्या थेंबाचं चित्र येई, खाली इंग्रजीत काहीबाही. रूपालीनं वाचून सांगतलं का बाबा, चार्जिंगच्या भोकात ओल गेली, म्हणून तो चार्ज करू देत नाई, आता त्याले कोरडा ठेवा. यायनं चष्मा लावला. थेंबाकडे लय वेळ पाह्यलं. अन मले म्हणाले, "पाह्य. पाणी मागून राह्यला."

अन दुपट्टा पुन्हा ओला केला! देवाशपथ सांगते, माह्यासमोर केला. मी कपाळाले हात लावला. अशा माणसाच्या दुकानातून लोक कुलर नेते अन ते कुलर चालतेही, याचंच मले नवल वाटते. त्या सकाळी फोनचा जो काय उरलासुरला जीव होता तो गेला, पडदा काळा झाला.

अन त्याच दिवशी दुपारी रूपालीचं नाव लागलं.

मी यायचा डबा घेऊन दुकानातच होती, तं पोट्टी घरातून धावत आली, पायात चप्पल नाई. नाव लागलं, पण त्याच दिवशी दिवेलागणीच्या आत ऑनलाइन होकार भराचा होता. नाई भरला तं जागा यादीतल्या पुढच्या पोरीले. होकार भराले ओटीपी लागते, अन ओटीपी येणार बापाच्या नंबरावर. बापाचा नंबर त्या मेलेल्या फोनात, फोन ओल्या दुपट्ट्यात, अन दुपट्टा कुलरसमोर. तिनं हात जोडल्यासारखं करून सांगतलं का बाबा, तुमचं सिम काढून माह्या फोनात टाकू द्या, दुसऱ्या सिमची जागा रिकामीच आहे, लगेच काढून देते.

हे ताटीले खिळे ठोकून राह्यले होते. ठोकणं काही थांबवलं नाई. म्हणे सिम काढलं तं फोन बिघडते. म्हणे धंद्याचा नंबर आहे, गिऱ्हाइकायचे फोन पोरीच्या फोनावर गेले तं बरं दिसते का? म्हणे संध्याकाळपर्यंत थांब, ऊन उतरलं का बॅटरीही उतरणं बंद होते. पोट्टी म्हणाली का संध्याकाळी तं मुदत संपते. ती तिथून हललीच नाई. तवा यायनं हातोडा खाली ठेवला अन शांतपणे म्हटलं, "नाई भेटली तं नाई भेटली. घरी काय कमी आहे तुले?"

माह्या अंगाची आग झाली. एवढे दिवस मी या माणसाच्या कांद्यावर हसली, थेंबावर हसली, का चला, अडाणी हट्ट आहे, कोणाचं काही बिघडत नाई. पण तो हट्ट अडाणी नव्हता. पोरीची जागा गेली तं यायले चालणार होतं. उलट बरंच होणार होतं, अन दोष द्याले फोन अन ऊन तयारच होते.

मी स्टूलवरचा फोन उचलला. दुपट्टा फेकून देला, तो जाऊन नेमका चालू कुलरच्या तोंडावर बसला, बसू दे म्हटलं. माह्या बांगडीत साडीची एक बारकी पिन अडकवलेली राह्यते, ती काढली, उघडली, अन फोनच्या कडेच्या त्या बारीक छिद्रात खुपसली. खटकन सिमची पट्टी बाहेर आली. हे ओरडले का अवं, बिघडून जाईन ना तो. मी म्हटलं, "बिघडाले काय राह्यलं त्याच्यात? पोरीले जाऊ द्या."

एवढंच म्हटलं. लग्नाले तीस वर्षं होत आली, पण त्या आवाजात मी यायच्याशी कधी बोलली नव्हती. समोरचं गिऱ्हाईक पंपाची किंमत इचाराले आलं होतं, ते पंप हातात घेऊन तसंच उभं राह्यलं.

रूपालीनं घरून स्वप्निलचा जुना लॅपटॉप आणून दुकानाच्या काउंटरवरच मांडला. सिम तिच्या फोनात गेलं, रेंजच्या कांड्या आल्या, अन आता यायले पुन्हा आठवण झाली का आपण घरचे मालक आहो. हात पुढं केला. सिम माहं आहे, म्हणे, ओटीपी मीच वाचीन. पोरीनं माह्याकडे पाह्यलं. मी डोळ्यानंच म्हटलं का दे. तिनं फोन देला. टुंग वाजलं, अन यायनं छाती काढून सहा आकडे वाचले. पोरीनं टाकले. होकार भरल्या गेला. मले रडू आलं, मी ते पदरानं पुसलं अन कुलरच्या तोंडावरचा दुपट्टा काढाले गेली.

परत येऊन पाहते तं पोट्टी अजून टाइप करूनच राह्यली होती. मी तिच्या मागं उभी राह्यली. इंग्रजी मले सावकाश वाचता येते, पण येते. पडद्यावर लिहिलं होतं, मोबाइल नंबर बदला. वरच्या रकान्यात बापाचा नंबर, खालच्या रकान्यात तिनं स्वतःचा भरला होता. तिचं बोट बटनावर होतं अन ती मागं वळून माह्याकडे पाहे. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं बटन दाबलं.

यायच्या हातात पुन्हा टुंग वाजलं. "अजून एक आला," हे म्हणाले. मेसेजात वर काय लिहिलं आहे ते वाचाची यायले काही गरज वाटली नाई, आकडे तेवढे पाह्यले. गिऱ्हाइकाकडे वळून सांगतलं का आमच्या पोरीचं कोणतंही काम माह्या नंबराशिवाय होत नाई. मंग गळा खाकरला, अन एकेक आकडा असा खणखणीत सांगतला का रोडपर्यंत ऐकू जावा. तिनं सहाही आकडे टाकले. मंग म्हणाली, "झालं, बाबा. आता आणखी येणार नाई."